भाकरीवरचा कर आणि वहिनीचा कांदा

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. सकाळचा चहा घेता घेता पेपर उघडला आणि पहिल्याच पानावर बातमी दिसली, कांद्याच्या निर्यातीवर बंदी! खरं सांगते मैत्रिणींनो, मला मनातून बरं वाटलं. दिवाळीच्या आधीपासून साठ-सत्तर रुपये किलोने कांदा घेत होते. आमच्या घरी कांद्याशिवाय फोडणी पडत नाही आणि ह्यांना ताटात कच्चा कांदा लागतोच. 'चला, आता उतरेल भाव,' असं म्हणतच मी माहेरी फोन लावला.

माझं माहेर वैजापूर तालुक्यातलं. भाऊ-वहिनी शेती करतात. फोन वहिनीने उचलला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी सहज बोलून गेले, "वहिनी, बरं झालं बाई, कांदा आता आवाक्यात येईल." पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग वहिनी हळूच म्हणाली, "ताई, तुमचा कांदा उतरंल, पण आमचा तर अजून वावरातच हाय ना."

माझी जीभ टाळ्याला चिकटली. काय बोलावं सुचेना. 'पुन्हा करते फोन' म्हणून ठेवून दिला.

वहिनीचा दोन एकर लाल कांदा होता. उन्हाळी कांदा चाळीत भरून ठेवता येतो, चार-पाच महिने भावाची वाट बघता येते. लाल कांद्याचं तसं नाही. तो काढला की विकावाच लागतो, नाहीतर सडतो. शेजारच्या शेतकऱ्याने बंदीच्या आधी कांदा काढला, त्याला क्विंटलला साडेतीन हजारांच्या आसपास भाव मिळाला. वहिनीचा कांदा जानेवारीत निघाला, तिच्या हाती तेराशे आले. त्यातून रोप, लागवडीच्या बायकांची मजुरी, खत, औषध, गाडीभाडं, हमाली, तोलाई गेली. भाचीच्या नर्सिंग कॉलेजची फी त्या कांद्यावर ठरली होती. शेवटी वहिनीने गळ्यातली पोत सोनाराकडे ठेवली आणि फी भरली. हे मला तिने सांगितलं नाही, भाचीने सांगितलं.

तेव्हापासून माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता. माझी भाजी स्वस्त व्हावी म्हणून माझ्याच वहिनीची पोत गहाण पडावी, हा कुठला हिशेब?

पाच मार्कांची टीप

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्यात इंग्लंडचे 'कॉर्न लॉज' म्हणजे धान्य कायदे होते. पाच मार्कांची टीप म्हणून मी ते पाठ केले आणि परीक्षा झाल्यावर विसरून गेले. या कांद्याच्या निमित्ताने ती टीप आठवली. मग वाचनालयातून पुस्तकं आणून दुपारच्या वेळात वाचायला बसले. वाचताना वाटलं, अगं, हे तर आपल्याच स्वयंपाकघराचं चाललंय!

झालं होतं असं. १८१५ साली नेपोलियनबरोबरचं युद्ध संपलं. युद्धाच्या काळात बाहेरून धान्य येत नसल्यामुळे इंग्लंडमध्ये गव्हाचे भाव चढलेले होते आणि जमीनदारांची चांदी झाली होती. युद्ध संपलं, आता परदेशी गहू येणार, भाव पडणार, या भीतीने त्यांनी पार्लमेंटमध्ये कायदा करून घेतला. पार्लमेंटमध्ये तरी कोण होतं? बहुतेक जमीनदारच. देशात गव्हाचा भाव एका क्वार्टरला, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे २१८ किलोला, ८० शिलिंगच्या वर जात नाही तोवर परदेशी गहू बाजारात येऊच द्यायचा नाही, असा तो कायदा. शेतमजुराला तेव्हा आठवड्याला दहा शिलिंगच्या आतबाहेर मजुरी मिळायची. म्हणजे पाव महाग होणार हे ठरलेलंच. पुढे १८२८ मध्ये कायदा थोडा सैल केला, भाव चढला की आयातकर कमी आणि भाव उतरला की कर जास्त, अशी पट्टी लावली. पण गरिबाच्या पावावरचा कर काही सुटला नाही.

गिरणीत बारा-चौदा तास राबणाऱ्या बाईच्या मजुरीचा मोठा वाटा पावावर जायचा. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर साठ हजारांच्या आसपास लोक जमले होते. मुख्य मागणी मताच्या हक्काची होती, पण धान्य कायदे नकोत असे फलकही होते. बायका पांढरे कपडे घालून, मुलाबाळांना घेऊन आल्या होत्या. त्या गर्दीवर घोडेस्वार घातले. अठराच्या आसपास माणसं मेली, त्यात बायकाही होत्या.

मँचेस्टरच्या बायकांचा बाजार

खरी चळवळ उभी राहिली ती १८३८-३९ मध्ये, मँचेस्टरलाच. 'अँटी कॉर्न लॉ लीग' असं तिचं नाव. रिचर्ड कॉब्डेन हा कापडाच्या धंद्यातला, पण मूळचा शेतकऱ्याच्या घरातला माणूस आणि जॉन ब्राइट हा गिरणीमालक, हे तिचे दोन मोठे पुढारी. ब्राइटची एक गोष्ट मला फार भिडली. १८४१ मध्ये त्याची तरुण बायको वारली. तो घरात सुन्न बसलेला असताना कॉब्डेन भेटायला आला. सांत्वन करून झाल्यावर तो म्हणाला की, या घडीला हजारो घरांत बायका-मुलं भुकेनं मरताहेत. तुझं दुःख थोडं हलकं झालं की माझ्याबरोबर ये, हा कायदा जाईपर्यंत आपण थांबायचं नाही. ही आठवण ब्राइटनेच पुढे सांगितलेली आहे. आणि दोघं खरंच थांबले नाहीत.

१८४० मध्ये तिकडे एका पेनीत पत्र देशभर जाऊ लागलं. त्याचा फायदा घेऊन लीगने लाखो पत्रकं घरोघरी पाठवली. सभांमध्ये ते दोन पाव दाखवायचे, एक मोठा आणि एक छोटा. कर नसेल तर हा, कर असेल तर हा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळावं इतकं सोपं!

आणि बायका नुसत्या ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांना मताचा हक्क नव्हता, तो मिळायला १९१८ साल उजाडावं लागलं. पण त्यांनी घरोघर फिरून अर्जांवर सह्या गोळा केल्या, चहापानाच्या सभा भरवल्या, वर्गणी जमवली. १८४२ मध्ये मँचेस्टरच्या एका थिएटरात त्यांनी मोठा बाजार भरवला. हाताने विणलेल्या, शिवलेल्या, भरतकाम केलेल्या वस्तू विकून दहा हजार पौंडांच्या आसपास पैसा उभा केला. १८४५ मध्ये लंडनला कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याहून मोठा बाजार झाला, त्यातून पंचवीस हजार पौंड जमले. आपण बचत गटाच्या पापड-लोणच्याचा स्टॉल लावतो ना, तसंच. फक्त त्या स्टॉलच्या पैशातून त्यांनी एक कायदा हलवला. राजकारण पुरुषांचं, आपण काय करणार, असं म्हणणाऱ्या माझ्या गटातल्या बायकांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

१८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं तेच मुख्य अन्न. पुढच्या काही वर्षांत तिथे दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली. पंतप्रधान रॉबर्ट पील जमीनदारांच्याच पक्षाचे, पण धान्य कायदे रद्द केलेच पाहिजेत असं त्यांच्या मनाने घेतलं. जून १८४६ मध्ये कायदा रद्द झाला. वरच्या सभागृहात तो मंजूर झाला त्याच रात्री खालच्या सभागृहात दुसऱ्या एका विधेयकावर पील यांचं सरकार हरलं. पक्ष फुटला, खुर्ची गेली, पण पावावरचा कर सुटला तो सुटलाच.

या लीगचा आपल्याशी एक गमतीचा धागा आहे. चळवळीला बळ द्यायला जेम्स विल्सन नावाच्या गृहस्थाने १८४३ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढलं, ते आजही निघतं. हाच विल्सन पुढे १८५९ मध्ये सरकारचा खजिनदार म्हणून हिंदुस्थानात आला आणि १८६० मध्ये त्याने इथे पहिल्यांदा इन्कम टॅक्स लावला. पावावरचा कर काढा म्हणून झगडलेल्या माणसाने आपल्याला नवा कर दिला! त्याच वर्षी तो कलकत्त्यात वारला.

आपल्याकडे उलटा न्याय

आता मला सांगा, इंग्लंडच्या या गोष्टीत वहिनी कुठे बसते? तिथे कायदा धान्य महाग ठेवत होता, फायदा जमीनदाराचा आणि मार खाणाऱ्याला. आपल्याकडे बंदी माल स्वस्त ठेवते, फायदा माझ्यासारख्या विकत घेणारीचा आणि मार दोन एकरवाल्या वहिनीला. दिशा उलटी, पण वेशीवर दांडा आडवा टाकून भाव ठरवायचा, ही रीत तीच.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात ज्या माणसाने सगळ्यात ठणकावून सांगितली ते म्हणजे शरद जोशी. साताऱ्यात १९३५ साली जन्मलेला हा माणूस स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, जागतिक टपाल संघटनेत मोठ्या हुद्द्यावर होता. ती नोकरी सोडून १९७६ मध्ये परत आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती करून पाहिली. कितीही राबलं तरी शेतीचा हिशेब जुळत नाही, हे त्यांना वहीत दिसलं. चाकणचं आंदोलन कांद्याचंच होतं. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे रोखल्या गेल्या, गोळीबार झाला, शेतकरी बळी गेले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा माझ्या वडिलांच्या तोंडी मी लहानपणापासून ऐकलेली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. शहरात मजुरी कमी ठेवायची तर अन्न स्वस्त पाहिजे. अन्न स्वस्त पाहिजे तर शेतमालाला निर्यातबंदी, प्रांतबंदी, लेव्ही, परदेशातून स्वस्त आयात, हे सगळं करायचं. शेतकऱ्याला सूट-सबसिडी देतो असं दाखवायचं आणि भाव पाडून त्याच्या कितीतरी पट काढून घ्यायचं. याला ते 'उणे सबसिडी' म्हणत. गंमत बघा, इंग्लंडमध्येही गरीब मजुरांचे काही पुढारी लीगवर संशय घेत होते. गिरणीवाल्यांना पाव स्वस्त हवा तो आमच्या पोटासाठी नव्हे, आमची मजुरी कापायला, असं ते म्हणत. दीडशे वर्षांच्या अंतराने दोन देशांत तोच संशय.

आपल्या मराठवाड्यातल्या कापसाचंच घ्या. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस सरकारलाच द्यायचा, राज्याच्या हद्दीबाहेर न्यायचा नाही. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी शेतकऱ्याने हात बांधून बसायचं. स्वतःच्या शेतात पिकवलेला कापूस हद्दीपार नेला की तो चोर! संघटनेने याविरुद्धही आंदोलनं केली. पुढे १९९०च्या दशकात जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाला देशभरातल्या बऱ्याच शेतकरी नेत्यांनी विरोध केला, तेव्हा शरद जोशींनी उघड पाठिंबा दिला. बाजार मोकळा करा, आम्ही जगाशी स्पर्धा करू, असं ते म्हणत. १९९३ मध्ये संघटनेचं अधिवेशन आपल्याच शहरात झालं. माझे वडील गावातल्या लोकांबरोबर ट्रकमध्ये बसून आले होते. परत आले ते छातीवर लाल बिल्ला लावून. आई म्हणाली होती, "बिल्ल्यानं पोट भरतंय का?" तेव्हा मी शाळेत होते, मला आईचंच पटलं होतं.

पण बाजार म्हणजे देव नव्हे

हे लिहिताना दुसरी बाजूही सांगायला हवी. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात मुक्त व्यापार इतका भिनला होता की, धान्याच्या व्यापारात हात घालायचाच नाही असं त्यांनी ठरवलं. इथे माणसं मरत असताना देशातून गहू परदेशी जात राहिला. रिचर्ड टेंपल या साहेबाने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि दिवसभर खडी फोडायची! मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडून याचा निषेध केला. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली.

म्हणजे बाजार मोकळा असला तरी ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याच्याकडे धान्य चालत येत नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईने खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवरच्या परदेशी लाल मिलोच्या भाकरी थापल्या. ती सांगते, "भाकर थापताना तुटायची, पण पोरं जगली." त्या वेळी सरकारने धान्य आणलं नसतं तर? म्हणून गरिबाचं रेशन पाहिजेच, त्यावर वाद नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, त्या रेशनचा खर्च सगळ्या देशाने उचलावा, एकट्या वहिनीने का?

आमच्या गटातलं भांडण

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला आणि चांगलीच जुंपली. आमच्यातली एक पोळी-भाजीचं केंद्र चालवते. तिला रोज पाच किलो कांदा लागतो. ती तावातावाने म्हणाली, "ताई, कांदा सत्तरवर गेला तेव्हा मी डब्याचे पैसे वाढवले का? वाढवले असते तर कॉलेजच्या पोरांनी डबा बंद केला असता. माझं नुकसान कोण देतं?" तिचं खोटं नव्हतं. दुसरी, गंगापूरकडून इथे धुणंभांडी करायला आलेली, म्हणाली, "आमच्याकडं कांद्याला भाव असता तर मी तुमच्याकडं भांडी घासाया आले असते का?" तिचंही खोटं नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग आम्ही हिशेब मांडला. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा धरला आणि किलोमागे तीस रुपये वाढले, तरी महिन्याचे दीडशे रुपये होतात. माझ्यासारखीला ते झेपतात, मोबाईलचा रिचार्ज त्याहून महाग आहे. भांडी घासणारीला झेपत नाहीत, पोळी-भाजीवालीला तर मुळीच नाहीत. पण वहिनीचे क्विंटलमागे दोन हजारांहून जास्त गेले. तिचे असे साठ-सत्तर क्विंटल. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही.

बाईच्या रागाला घाबरून सरकारं निर्णय घेतात, हेही खरंच. १९९८ मध्ये कांदा भडकला आणि दिल्लीतल्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना रडवून गेला. तेव्हापासून कांदा जरा वर गेला की आधी बंदी. मागच्या काही वर्षांची यादीच बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून काढलं. पण शुल्क गेलं म्हणून भाव लगेच वर गेले नाहीत. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढलं की परत यायला वेळ लागतो, हे आपल्याला काय सांगायला हवं? पेरताना एक नियम, काढताना दुसरा. अशा धंद्यात आपण आपला एक रुपया तरी घालू का?

मे २०२४ मध्ये आमच्या गटाने एक प्रयोग केला. वहिनीच्या गावातून वीस क्विंटल उन्हाळी कांदा थेट आणला. तिला बाजारापेक्षा किलोला चार रुपये जास्त दिले आणि आम्हाला दुकानापेक्षा पाच रुपये कमी पडले. सगळं छान झालं असं नाही हं. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत कांदा ठेवायचा कुठे? पलंगाखाली ठेवला, वारा लागला नाही, दोघींचा निम्माअधिक सडला. त्यांचे पैसे गटाने भरून दिले. पुढच्या वर्षी महिन्याच्या हप्त्याने थोडा थोडा आणला, मग जमलं. याने देशाचा कांदाप्रश्न सुटत नाही, मला कळतं. पण पोळी-भाजीवालीला आता वर्षभराचा भाव आधी कळतो आणि वहिनीला गिऱ्हाईक आधी कळतं.

पैसे कोणाच्या खात्यात?

त्या कांद्याचे पैसे पाठवायची वेळ आली तेव्हा मी वहिनीला खात्याचा नंबर विचारला. तिने भावाचा दिला. म्हणाली, "सातबारा त्यांचा, माल त्यांच्या नावचा." रोप टाकलं तिने, लागवड केली तिने, खुरपलं तिने, पात कापताना बोटं काळी झाली तिची. आणि फीसाठी पोत मोडायची वेळ आली तीही तिच्यावरच.

इथे मला चांदवड आठवलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. लाखाच्या वर बायका आल्या होत्या, आपापल्या भाकरी बांधून. घराबाहेर कधी न पडलेल्या बायका त्या दोन दिवसांत मालमत्तेच्या हक्कावर बोलल्या. त्यातूनच पुढे 'लक्ष्मीमुक्ती' आली. नवऱ्याने जमिनीचा काही भाग राजीखुशीने बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. शेतमालाला भाव मागणारा शेतकरी स्वतःच्या घरातल्या बाईच्या घामाला दाम देतो का, असा तो सरळ सवाल होता. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही या नावाची योजना काढली. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला की त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागू शकतं.

शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात वारले. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही, बाजारावर त्यांचा जितका भरवसा होता तितका माझा नाही. पण घामाचे दाम मागताना त्यांनी घरातल्या बाईला मोजलं, हे मी विसरू शकत नाही.

यंदाच्या दिवाळीत मी भावाला ओवाळलं तेव्हा ताटात घालायला त्याने पाकीट काढलं. मी म्हटलं, "दादा, पाकीट राहू दे. वहिनीचं नाव सातबाऱ्यावर लाव, एवढीच ओवाळणी दे." तो हसला, म्हणाला, "बघू." वहिनी दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच विचारलं, "ताई, त्या अर्जाला काय काय कागद लागत्यात?"

मी यादी करून दिली आहे. अर्ज अजून झालेला नाही. पण पोत मात्र सोडवून आणली आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कांदा महागला की जरूर कुरकुर करा, आपला तो हक्कच आहे. पण 'बंदी घाला' म्हणण्याआधी माहेरी एक फोन करा आणि विचारा, वावरात काय उभं आहे.